तासाभराचा पूल

पुलांच्या कचेरीत ज्यानं ३७ वर्षं काढली त्या माणसाला पुलाची भीती वाटते, असं सांगितलं की लोक हसतात. न्हाव्याला टक्कल असलं तर कोणी हसत नाही. डॉक्टरला सर्दी झालेली चालते. आमच्या शेजारी राहणारे गणिताचे मास्तर किराण्याचा हिशेब बायकोकडून तपासून घेतात, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण आम्ही पुलाला भ्यायलो की लगेच विनोद!

खरं म्हणजे यात विसंगती काहीच नाही. मी कारकून. आमच्याकडे पूल यायचे ते कागदावरून. अंदाजपत्रक आलं की त्याला टाचणी लावायची, आवक बारनिशीत नोंद करायची आणि ‘अभिप्रायार्थ सविनय सादर’ असं लिहून साहेबांकडे सरकवायचं. पायाचा पहिला दगड बसण्यापूर्वी पूल माझ्या टेबलावरून सात वेळा जायचा आणि आठ वेळा परत यायचा. (हा हिशेब चुकलेला नाही. सरकारी कचेरीत काम केलेल्यांना तो समजेल.) अशा किती पुलांना मी हात लावला असेल, पण पाय म्हणून एकालाही लावला नाही. एस. टी. पुलावर आली की मी पुढच्या बाकावरच्या माणसाची टोपी न्याहाळत बसायचो. खिडकी कायम आमच्या हिची. हिला नदी लागते. नदी दिसली की कनवटीची नाही तर पर्सची, जी हाताला लागेल ती नाणी हिनं खिडकीतून खाली सोडलीच म्हणून समजा. माझ्या तुटपुंज्या पगारातला बराचसा भाग महाराष्ट्रातल्या नद्यांच्या तळाशी आहे.

तर असा मी, २०२४ च्या जून महिन्यात अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, वाळवंटातल्या एका नदीवरच्या ४६७ फूट उंच पुलाच्या तोंडाशी उभा होतो आणि आमची ही त्या पुलाच्या पलीकडच्या टोकाला होती. आमच्या दोघांत ८३४ फुटांचं अंतर होतं आणि बरोबर एका तासाचं. हे एका तासाचं काय ते सांगतो, पण आधी तिथं गेलो कसे ते सांगायला हवं.

आमची कन्या फिनिक्सला असते. जावई चिपा बनवणाऱ्या कंपनीत आहेत. बटाट्याच्या नव्हेत, संगणकाच्या. मुलीच्या सासरी जाऊन राहायचं म्हणजे मनाला थोडा संकोच, पण ते सासर सातासमुद्रापलीकडे असलं की संकोच विमानतळावरच तपासणीत काढून घेतात. फिनिक्सचा उन्हाळा असा, की जळगावच्या माणसानंही ‘जरा उकडतंय’ म्हणावं. त्या शहरात मला मनापासून आवडलेली एकच गोष्ट म्हणजे तिथली वेळ. भारताची आणि फिनिक्सची वेळ यांत साडेबारा तासांचा फरक. म्हणजे निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं माझं एच.एम.टी. मी फक्त अर्धा तास मागं केलं आणि काम भागलं. दिवसाची रात्र झाली, ती घड्याळाच्या काट्यांना कळलीसुद्धा नाही. घड्याळाचा इतका कमी अपमान करणारा परदेश दुसरा नसेल.

जावयांना सहली आखायची भारी हौस. माणूस अत्यंत सज्जन, पण सहलीचं वेळापत्रक हातात आलं की त्यांच्यातला स्टेशनमास्तर जागा होतो. “बाबा, तुम्ही आयुष्यभर पुलांचं काम केलंत. तुम्हाला एक पूल दाखवायचाय,” असं ते एका रात्री म्हणाले आणि माझ्या घशातला घास तिथंच थांबला. कन्या म्हणाली, “बाबांना कित्ती आनंद झाला बघ!” हिनं फक्त माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वरण वाढलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हिला माझ्या टोप्या न्याहाळण्याचं कारण कळलं नसेल, असं मानण्याइतका मी भाबडा नाही. पण तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही, हे तिचे उपकार.

पहाटे सहाला निघालो. फ्लॅगस्टाफपर्यंत डोंगर, पाइनची झाडं, थंडगार हवा. मग उत्तरेला वळलं की झाडं गुंडाळून ठेवल्यासारखी नाहीशी होतात आणि तांबडं, पिवळं, राखी वाळवंट सुरू होतं. इथून पुढं नावाहो लोकांचा मुलूख. अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्रांपैकी हे क्षेत्रफळानं सर्वांत मोठं. ते स्वतःला ‘दिने’ म्हणवतात. कॅमेरॉन नावाच्या ठिकाणी चहाला थांबलो, तिथंही एक जुना झुलता पूल होता. १९११ सालचा. शेजारी नवा झाल्यावर वाहनांसाठी तो बंद केला आणि त्याच्यावरून पाइपलाइन नेली. मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. निवृत्तीनंतर आमचीही तीच गत असते. दुधाच्या पिशव्या आणा, नातवाला क्लासला सोडा, गॅसचा नंबर लावा. माणूस मोडीत काढत नाहीत, त्याच्यावरून पाइप नेतात.

तिथंच मी सहज जावयांना वेळ विचारली. ते म्हणाले, “सव्वाअकरा.” माझं एच.एम.टी. सव्वादहा दाखवत होतं. मी ते कानाला लावलं, हलवलं. मग खुलासा झाला. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढं करतात. ॲरिझोना राज्य करत नाही. या उन्हात दिवस आणखी लांबवून करायचंय काय, हा त्यांचा सवाल, आणि तो रास्त आहे. पण नावाहोंचा मुलूख ॲरिझोनाबरोबर यूटा आणि न्यू मेक्सिकोतही पसरलेला. आपल्या सगळ्या माणसांची वेळ एक असावी म्हणून ते करतात. बरं, नावाहोंच्या मुलखाच्या पोटात होपी लोकांचा मुलूख आहे. ते पुन्हा करत नाहीत. म्हणजे मोठ्या वाटीत छोटी वाटी, तिच्यात आणखी छोटी, आणि प्रत्येकीत वेगळी आमटी. हिनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग यांची साडेबाराची गोळी कुठल्या साडेबाराला द्यायची?” गाडीत कोणालाच उत्तर देता आलं नाही.

साडेअकराच्या सुमाराला (ॲरिझोनाच्या) पूल आला. आला म्हणजे काय, दिसला नाहीच. सपाट, उजाड माळ. दूर तांबड्या कड्यांची भिंत. आणि मध्येच जमीन चिरलेली! कोणी रागाच्या भरात सुरी फिरवावी तशी. त्या चिरेच्या तळाला कोलोरॅडो नदी. हीच पुढं जाऊन ग्रँड कॅन्यन कोरते. स्पॅनिश लोकांनी ‘तांबडी’ म्हणून तिला हे नाव दिलं, पण वरच्या अंगाला धरण झाल्यापासून गाळ तिथंच बसतो आणि खाली येतं ते हिरवंगार, थंड पाणी. चिरेवर शेजारी शेजारी दोन पूल, जुळ्या भावांसारखे, दोन्ही पोलादी कमानींचे. धाकट्यावरून आम्ही गाडीनं पश्चिमेच्या काठाला गेलो. मी डोळे मिटून रामरक्षा म्हटली. ‘फलश्रुती’पर्यंत पोचेतो गाडी थांबली होती.

थोरल्याचं नाव नावाहो पूल. रहदारी सुरू झाली १९२९ च्या जानेवारीत आणि जूनमध्ये थाटाचं उद्घाटन. सुमारे सात हजार माणसं त्या उजाड माळावर जमली होती म्हणे. त्या काळी हा अशा जातीच्या पोलादी पुलांत जगात सर्वांत उंच गणला जाई. रस्ता मात्र १८ फूट रुंद, समोरासमोर दोन ट्रक आले की श्वास आत ओढून घ्यावा असा. गाड्या वाढल्या, जड झाल्या, तेव्हा १९९५ साली ४४ फूट रुंदीचा धाकटा शेजारी बांधला आणि थोरला फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवला. वयाच्या ६६ व्या वर्षी सेवानिवृत्त. आमच्या नियमानं ५८ व्या वर्षीच व्हायला हवा होता. आठ वर्षं मुदतवाढ मिळाली. वशिला असणार.

काठावर माहिती केंद्र आहे. सगळी मंडळी पुलाकडे पळाली आणि मी “जरा वाचून येतो” म्हणून तिथं शिरलो. वाचण्याची माझी हौस अशा वेळी अनावर होते. पण वाचता वाचता खरंच रमलो हो! फाईल उत्तम होती.

पुलापूर्वी इथून काही मैलांवर तर होती, लीज फेरी. शेकडो मैलांच्या या दऱ्याखोऱ्यांत नदीकाठापर्यंत गाडी नेता येईल अशी ही जागा. मॉर्मन पंथाच्या जॉन ली नावाच्या गृहस्थानं १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती सुरू केली. या गृहस्थांवर वाटसरूंच्या एका तांड्याच्या कत्तलीचा आरोप होता, त्यात ते दोषी ठरले आणि १८७७ साली त्यांना गोळ्या घातल्या. नंतर काही वर्षं त्यांची बायको एमा हिनं त्या ओसाडीत मुलाबाळांसह राहून तर चालवली, आणि शेवटी पंथाच्या लोकांना विकली. किंमत शंभर दुभत्या गाई, असं सांगतात. हे मी नंतर हिला सांगितलं तेव्हा ही म्हणाली, “शहाणी बाई. पैसे घेतले असते तर कोणी तरी मागायला आलं असतं.”

याच वाटेनं मॉर्मन जोडपी यूटातल्या मंदिरात विवाहविधीसाठी जात. त्या वाटेचं नावच ‘हनीमून ट्रेल’ पडलं. जाताना नदी, येताना नदी, तरीवर बैलगाडी, गाडीत नवी नवरी. मला उगाचच १९७९ सालची एक एस. टी. आठवली.

पुढं पूल बांधायला घेतला. दोन्ही काठांवरून अर्धी अर्धी कमान पुढं सरकवत आणायची आणि मध्ये अधांतरी जोडायची. खालून टेकू देणं शक्यच नव्हतं, ४६७ फुटांचा टेकू कोण देणार? बांधताना वरून पडून माणूसही गेला. पलीकडचं सामान तरीनं न्यावं लागे. आणि जून १९२८ मध्ये, पूल पुरा व्हायला काही महिने उरले असताना, तर बुडाली. तीन माणसं गेली. पूल होणारच आहे, मग आता तर कशाला, म्हणून ती पुन्हा सुरू केलीच नाही. झालं! समोरचा काठ दिसतोय, पलीकडच्या गड्याला हाक मारली तर ओ येईल, पण त्याला एक खिळ्यांचं पोतं पोचवायचं तर सुमारे ८०० मैलांचा वळसा. ८०० फुटांसाठी ८०० मैल! हे वाचून मात्र मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या कचेरीत शेजारच्या टेबलावर कागद न्यायचा तर तो मुंबईमार्गे जायचा.

१९२८. हे साल मला ओळखीचं होतं. का, ते तेव्हा मी मनातच ठेवलं.

पैशाची बाजू मात्र पाटीवर शोधूनही मला सापडली नाही. कारकुनाची नजर आधी तिथंच जाते. ती नंतर वाचनात आली. १९२५ साली अमेरिकन काँग्रेसनं या पुलासाठी एक लाख डॉलर मंजूर केले, पण अट अशी की पुढं ते नावाहोंच्या निधीतून वसूल करावेत. पूल हवा होता तो मोटारीनं ग्रँड कॅन्यन बघायला निघालेल्या मंडळींना आणि राज्याच्या दोन तुकड्यांना. त्या मुलखातल्या मेंढपाळाला त्याचा काय उपयोग? त्यावर त्याही वेळी वॉशिंग्टनमध्ये बरीच आरडाओरड झाली. जेवण एकाचं आणि बिल दुसऱ्याच्या नावे, ही पद्धत आपण समजतो तितकी स्थानिक नाही. पुलाला सुरुवातीला नाव दिलं होतं ग्रँड कॅन्यन पूल. १९३४ साली ते बदलून नावाहो पूल केलं. नाव तरी दिलं.

बाहेर आलो तर जावई दुर्बीण लावून पक्षी बघत होते, कन्या त्यांचे फोटो काढत होती आणि ही नव्हती.

“आई? त्या केव्हाच पलीकडे गेल्या,” जावई म्हणाले.

पलीकडच्या टोकाला नावाहो बायका दागिने मांडून बसतात. चांदी, फिरोजा, मण्यांच्या माळा. त्या रांगेत एक निळं पातळ दिसत होतं. निळं पातळ हातवारे करत होतं. म्हणजे घासाघीस सुरू होती. ही मराठीत आणि ती बाई बहुधा इंग्रजीत.

मी पुलाच्या तोंडाशी गेलो. तिथं एक सूचना होती: पुलावरून उडी मारण्यास मनाई आहे. अमेरिकन सरकारच्या कुठल्याही धोरणाशी मी इतका सहमत कधीच झालो नव्हतो. मी एक पाऊल टाकलं. मग तेच पाऊल परत घेतलं.

“बाबा, कॉन्डॉर बघा,” असं म्हणून जावयांनी माझी तात्पुरती सुटका केली. पुलाच्या पोलादी आडव्या तुळईवर सावलीला एक प्रचंड पक्षी बसला होता. पंख पसरले तर साडेनऊ फूट. डोक्यावर केस नाहीत, मान आत ओढलेली, चेहऱ्यावर वरिष्ठ लेखनिकाचा तिटकारा, आणि पंखाला नंबराचा बिल्ला. १९८२ साली जगात हे सारे मिळून २२ उरले होते. मग उरलेसुरले पकडून पिंजऱ्यात त्यांची पैदास केली आणि १९९६ च्या डिसेंबरात सहा पक्षी या समोरच्या तांबड्या कड्यांवर सोडले. प्रत्येकाचा नंबर, प्रत्येकाची नोंद. कोण कुठं बसला, कोणाला अंडं झालं. आमच्या पेन्शनीच्या पुस्तकालाही नंबर आहे, पण आम्ही कुठं बसतो याची चौकशी दर नोव्हेंबरात ‘हयात आहात काय’ यापलीकडे जात नाही. कॉन्डॉरनं माझ्याकडे पाहिलं. त्याचं अन्न म्हणजे मेलेली जनावरं. त्याच्या नजरेतला हिशेब मला आवडला नाही.

आता ओळखीच्या सालाबद्दल.

हिचं माहेर पोलादपूरचं. महाडहून पोलादपूरकडे जाताना सावित्री नदीवर जुना दगडी कमानींचा पूल होता, ब्रिटिशांच्या काळातला. १९२८ चा. लग्नानंतर पहिल्यांदा एस. टी. नं गेलो तो त्याच्यावरून. हिनं खिडकीतून चार आणे टाकले आणि हात जोडले. नंतर डोहाळजेवणाला, बाळंतपणाला, भावाच्या लग्नाला, वडिलांच्या दहाव्याला, सगळं त्याच पुलावरून. दर वेळी नाणं. २०१६ सालच्या जुलैअखेर आम्ही तसेच तिकडून परत आलो. २ ऑगस्टच्या रात्री सावित्रीला पूर आला आणि तो पूल गेला. अंधारात दोन एस. टी. बसगाड्या आणि आणखी वाहनं आली, आणि ज्या पुलावर ती आली तो तिथं नव्हता. पहाटे मेव्हण्याचा फोन आला. ही काही बोलली नाही. देवापाशी जाऊन बसली.

त्या पुलाची फाईल माझ्या टेबलावरून कधी गेली नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. पण तसल्या दुसऱ्या गेल्या. ‘पूल जुना व अरुंद आहे, सविस्तर पाहणी होणे इष्ट’ असले शेरे मी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले, फीत बांधली आणि कपाटात ठेवल्या. माझं अक्षर चांगलं होतं. साहेब नेहमी कौतुक करायचे. २०१६ नंतर मी पुलावरून पायी गेलो नाही. दुधाच्या पिशव्यांसाठीसुद्धा लांबून वळसा घालतो. ८०० मैलांचा नाही, पण घालतो.

पलीकडच्या टोकाहून निळं पातळ हात हलवू लागलं. पाठोपाठ कन्येचा मोबाइल वाजला. आमचा नातू आजीबरोबर गेला होता, तो पलीकडून बोलत होता. “आजी म्हणते, इकडे पाऊण वाजला. आजोबांची गोळी पंधरा मिनिटं लेट झाली.”

मी घड्याळ पाहिलं. पावणेबारा. गोळीला अजून पाऊण तास होता. कायद्यानं माझी बाजू भक्कम होती.

“तिला म्हणावं, इकडे यायचं.”

जरा वेळानं उत्तर आलं. “आजी म्हणते, डबा इकडे आहे.”

थालीपिठं होती. लोणी होतं. लसणाची चटणी होती. संसारात मोठमोठे तात्त्विक प्रश्न अशाच मुद्द्यांवर सुटतात. पण तेवढ्यात नातूच पुलावरून धावत आला. नऊ वर्षांचं पोर. सगळ्यांना अरे-तुरे करतं. मला म्हणाला, “आजोबा, तू स्केअर्ड आहेस?”

“छे! मी पुलाची तपासणी करतोय.”

“मग चल. मी पण करतो.” आणि त्यानं माझं बोट धरलं.

मी कारकुनाच्या पद्धतीनं निघालो. म्हणजे खाली बघायचं नाही, पुढं बघायचं नाही, फक्त नोंद करायची. पाऊल एक, पाऊल दोन. कठडा सुस्थितीत. रिव्हेट सुस्थितीत. नातू प्रत्येक नोंदीला “चेक” म्हणत होता. साठाव्या पावलाला शेजारच्या पुलावरून एक अवजड ट्रक धडधडत गेला आणि मी कठडा धरला. शेजारचा गरजत होता आणि आमचा गप्प होता. माझ्या पायाखाली काहीसुद्धा हललं नाही. मी पुन्हा निघालो. शंभर. एकशेवीस. “मिडल आला,” नातू म्हणाला, “आता बघ.”

बघितलं. पोटात खड्डा पडला तो पडलाच, ते नाकारत नाही. तांबड्या भिंतींच्या तळाशी हिरवी रेघ, आणि तिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढ्या तीन होड्या. ग्रँड कॅन्यनच्या सफरीला निघालेल्या. दाण्यांमध्ये माणसं होती. एकानं हात हलवला असं नातू म्हणाला.

मान वर केली तर समोर निळं पातळ. डबा घेऊन तीच निघून आली होती. माझ्याजवळ येऊन कठड्याशी उभी राहिली, खाली वाकून बघितलं आणि सवयीनं पर्स उघडली. एक रुपयाचं नाणं काढलं.

“आजी, नो! पाटी आहे,” नातू ओरडला. “काही टाकायचं नाही. खाली पीपल आहेत.”

ही थांबली. खालच्या होड्यांकडे बघितलं. नाणं मुठीत धरून हात जोडले आणि परत पर्समध्ये टाकलं. गेल्या पंचेचाळीस वर्षांत नदीवरून परत आलेलं हे पहिलं नाणं.

“ह्यानं मला ती पाटी वाचून दाखवली,” ही म्हणाली. “पंचाण्णव सालापासून याच्यावरून एक गाडी नेलेली नाही. ओझं झेपेना म्हणून शेजारी दुसरा बांधला.” आणि जरा थांबून, कठड्यावर हात ठेवून म्हणाली, “वेळेवर केलं हो यांनी.”

मी ‘हं’ म्हटलं. एवढंच सुचलं. शेजारून आणखी एक ट्रक गेला.

“तुमच्या हाताला घाम आलाय.”

“ऊन आहे,” मी म्हटलं.

“हो, ऊनच आहे,” ही म्हणाली.

उरलेला अर्धा पूल आम्ही कशाचीही नोंद न करता चाललो. पलीकडे हिनं माझी त्या नावाहो बाईंशी ओळख करून दिली. वय हिच्याएवढंच असावं. अंगात मखमली पोलकं, मनगटात फिरोजाचं कडं. दोघींनी एकमेकींना नातवंडांचे फोटो दाखवून झाले होते. हिनं एक मण्यांची माळ घेतली. घासाघिशीत किती सुटले असं मी विचारलं तर म्हणाली, “कसली घासाघीस? तिनं एक थालीपीठ खाल्लं, मी सांगितला तो भाव दिला.” तिनं सांगितला तो की हिनं, हे मला अजून उलगडलेलं नाही. गाडीच्या सावलीत बसून... गाडी नव्हतीच, ती अलीकडे होती. त्या बाईंच्याच मांडवाच्या सावलीत बसून मी एक वाजता गोळी घेतली आणि चार थालीपिठं खाल्ली.

जावयांनी फोन करून विचारलं, गाडी घेऊन त्या बाजूला येऊ का? मी म्हटलं, नको, चालत येतो. हिनं टोपी न्याहाळल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

परत या काठाला आलो तेव्हा माझ्या एच.एम.टी.त बरोबर साडेबारा वाजले होते. ही म्हणाली, “घ्या. जेवायची वेळ झाली,” आणि खालचा डबा उघडला. त्यात दशम्या होत्या.